अर्थ

रोहण्याच्या पुढे, नाल्यापलीकडे,
डाखोऱ्यांच्या कोठ्यात छपन्न सालचा ट्रॅक्टर.
पेट्रोलवर उठणारा, रॉकेलवर चालणारा,
आणि तीन दिवसांपासून कशावरच नाही.

"परवापर्यंत बरा व्हता गा," देवमनकाका म्हणाले.
(परवापर्यंत सगळेच बरे असतात.)
"उद्या तान्हा पोळा. पोट्टे आतापासूनच ट्रालीत बसून रायले."

बसले होते खरंच. नऊ पोरं, नऊ लाकडी नंदी,
चाकं असलेले, एकाला चाक नसलेलं.
ट्रॅक्टर नुकता रंगवलेला,
मडगार्डवरून ओघळलेला निळा थेंब तसाच वाळलेला.

याचं सगळं उलटं असतं.
सहा व्होल्ट, आणि प्लस बॉडीला.
घाईतला माणूस इथंच डायनामो जाळतो.
मी घाईत नव्हतो. निदान सकाळी नव्हतो.

आधी बॅटरी. पाणी वर, दोन्ही टोकं घट्ट.
मग वायर, कापडी वेष्टणाची, उंदराने दोन जागी चव घेतलेली.
टेप मारली.
मग बल्ब घेतला, एक टोक बॅटरीला धरलं,
दुसरं घेऊन गावभर फिरावं तसा फिरलो:
स्विचला पेटला,
कॉइलला पेटला,
सगळ्या घरी दिवा होता.

डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं. आत कोळ्याचं जाळं,
पॉइंटवर काजळी.
पॉलिश पेपर फिरवला, गॅपला पत्रिकेचा तुकडा घातला.
उस्ताद हकीममियां लग्नपत्रिकाच वापरायचे,
म्हणायचे, बड्या लग्नाची घेऊ नको,
गॅप जास्त होतो.

कंडेन्सर बदलला. प्लग काढून इंजिनावर टेकवला.
हँडल मारलं, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून
(हे शिकवायला उस्तादांना एकदाच लागलं,
माझं मनगट दीड महिना गळ्यात होतं).
ठिणगी नाही.
पुन्हा मारलं.
ट्रॉलीतली पोरं दर वेळी "हो हो हो" करत
आणि मग "अऽऽऽ".

दुपार झाली. फुलपात्रातला चहा बॉनेटवर ठेवला तर
साय आली, वर एक माशी आली.
काका एका बाजूने फिरून पाहत, मी दुसऱ्या,
आणि दोघंही तेच पाहत होतो.
"अर्थच लागून नाई रायला," काका म्हणाले.
त्यांना म्हणायचं होतं, कळत नाही.

मी मात्र चहा तिथंच सोडला.

बल्बचं ते एक टोक मी सकाळपासून
बॅटरीलाच धरून होतो.
बॉडीला एकदाही लावलं नव्हतं.
लावलं.
अंधार.

सगळ्या घरी दिवा, पण घरी परतायची वाट नाही.
पहिल्यांदा पाहायचं ते मी शेवटी पाहिलं.
लिहून ठेवतो, कारण पुढच्या वेळीही
असंच होणार.

अर्थची पट्टी गिअरबॉक्सच्या वर, बोल्ट चांगला आवळलेला,
चकचकीत, शंका येऊ नये असा.
पाना लावला. खाली रंग,
मधाएवढा जाड, निळा,
आणि निळ्यावर थोडा शेंदरी.

ट्रॉलीतली पोरं गप्प झाली.
त्यांतली एक जास्तच गप्प,
तृषाली, काकांची नात, दोन वेण्या,
मांडीवर नंदी, निळी शिंगं, शेंदरी टोकं.
मी तिच्याकडे पाहिलं नाही.
ब्लेडने रंग खरवडला, लोखंड पांढरं दिसेपर्यंत.

"काय व्हतं?" काकांनी विचारलं.
"गंज," मी म्हणालो.

प्लग जागेवर. पेट्रोलचा कॉक. हँडल.
दुसऱ्या झटक्याला खोकला,
तिसऱ्याला धूर,
मग छपन्न सालचा आवाज, एकेक करून चारही.
कोठ्यातल्या कोंबड्या पळाल्या.

पैसे मोजून घेत होतो तेव्हा तृषाली आली,
हातात रंगाचा डबा, तळाला थोडा उरलेला.
"हा तुमी घेऊन जा," म्हणाली.

डबा आता माझ्या पेटीत आहे, पान्यांच्या बाजूला.
झाकण अजून उघडलं नाही.